केमो चालू असताना ताटात काय वाढायचं?

वाचकांचे प्रश्न, आहारतज्ज्ञांची उत्तरे : स्तनाचा कर्करोग

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच विचारणा आहे : काय बंद करू? उपचार चालू असताना आम्हाला खरी काळजी वाटते ती पोटात काय कमी जातंय याची. म्हणून पहिल्या पत्राला जरा सविस्तर उत्तर देत आहोत.

प्रश्न : सासूबाईंची केमो चालू आहे. नातेवाइकांच्या सांगण्यावरून साखर, दूध आणि भात बंद केला. फळांचा रस, भाज्यांचं सूप आणि डाळीचं पाणी देतो. दोन महिन्यांत वजन ५८ किलोवरून ५४ वर आलं. अंडं चालतं, मांस-मासे खात नाहीत. मधुमेह नाही. काय देऊ? (सोलापूर)

उत्तर : दोन महिन्यांत चार किलो म्हणजे सुमारे सात टक्के वजन गेलं. एवढी घट आपोआप भरून निघत नाही. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना हा आकडा आवर्जून सांगा. असं वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात. मग थकवा वाढतो, औषधाचा त्रास जास्त होतो आणि पुढचा डोस कमी करण्याची किंवा लांबवण्याची वेळ येऊ शकते.

साखरेची भीती बऱ्याच अंशी पेट स्कॅनमुळे पसरली आहे. त्या तपासणीत किरणोत्सारी ग्लुकोज टोचतात. गाठीच्या पेशी ते जास्त ओढून घेतात, म्हणून गाठ चित्रात उजळ दिसते. मेंदूही तसाच उजळ दिसतो. त्यावरून ‘साखर तोडली की गाठ उपाशी मरेल’ असा अर्थ काढला गेला. पण आहारातली साखर तोडली तरी शरीर रक्तातलं ग्लुकोज ठरावीक पातळीवर राखतंच. पोटात अन्न गेलं नाही, तर यकृत स्नायूंमधली प्रथिनं मोडून ग्लुकोज बनवतं. चहातली चमचाभर साखर आणि वाटीभर भात त्यांना खुशाल द्या. मिठाई आणि सरबतांनी पोट भरू नये, कारण मग जेवणाला जागा उरत नाही. दूध बंद करण्यालाही शास्त्रीय आधार नाही.

डाळीच्या पाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात, ती भांड्याच्या तळाशी राहिलेल्या डाळीत असतात. फळांच्या रसातही नसतात.

उपचाराच्या काळात वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. सासूबाईंसाठी हे ६५ ते ८० ग्रॅम होतात. (मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा आकडा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.) एका दिवसाचं गणित असं जमवता येतं : सकाळी २०० मि.ली. दूध, ६ ग्रॅम. न्याहारीला दोन अंडी आणि एक पोळी, १५ ग्रॅम. मधल्या वेळी ३० ग्रॅम डाळ्याचं पीठ ताकात किंवा गूळ-दुधात कालवून, ६ ग्रॅम. दुपारी मऊ भात, ४० ग्रॅम तूरडाळीचं घट्ट वरण, वाटीभर दही आणि तूप, १६ ग्रॅम. चार वाजता दाण्याचा एक मोठा लाडू (३० ग्रॅम दाणे), ७ ग्रॅम. रात्री ५० ग्रॅम मूगडाळीची धिरडी, आत ४० ग्रॅम पनीर किसून, १९ ग्रॅम. झोपताना पुन्हा दूध, ६ ग्रॅम. बेरीज ७५ च्या आसपास जाते. डाळीची मापं कच्च्या डाळीची आहेत. एकदा तराजूवर मोजून घ्या, मग वाटीचा अंदाज बसतो.

एवढं खाणं होत नसेल तर प्रमाण वाढवू नका, आहे तेच सकस करा. २०० मि.ली. दुधात दोन मोठे चमचे (१५ ग्रॅम) स्किम्ड मिल्क पावडर घातली की पाच ग्रॅम प्रथिनं वाढतात आणि पेला तेवढाच राहतो. पेजेत मूगडाळ शिजवा, वरून तूप सोडा.

केमोच्या दिवशी तासभर आधी हलकं काही द्या, इडली किंवा मऊ खिचडी. त्या दोन-तीन दिवसांत त्यांचा आवडता पदार्थ मात्र करू नका. मळमळ आणि तो पदार्थ यांची मनात गाठ बसते आणि पुढे कित्येक महिने तो नकोसा होतो. उलटीची गोळी जेवणाआधी अर्धा तास द्यावी. फोडणीच्या वासाने त्रास होत असेल तर सासूबाई दुसऱ्या खोलीत असताना स्वयंपाक उरका आणि पदार्थ निवल्यावर वाढा. थंड अन्नाला वास कमी येतो. दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं खाणं तीन भरपेट जेवणांपेक्षा सोपं जातं.

प्रश्न : तोंड आलंय, तिखट सोडाच, वरणसुद्धा झोंबतं. सगळंच कडवट लागतं. (चिपळूण)

उत्तर : पेलाभर कोमट पाण्यात पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा, विशेषतः खाल्ल्यावर, चूळ भरा. मद्यार्क असलेलं माउथवॉश वापरू नका. फोड असेपर्यंत लिंबू, कोकम, टोमॅटो, मिरची आणि कडक भाकरीचे काठ बाजूला ठेवा. गार दहीभात, नाचणीची आंबील, केळ्याची शिकरण, मऊ उपमा चालतो. फोड बरे झाले, पण कडवटपणा उरला, तर कोकमाचं सार किंवा लिंबू उपयोगी पडतं. पाणीही गिळवत नसेल तर दवाखान्यात फोन करा.

प्रश्न : पांढऱ्या पेशी कमी झाल्या आहेत. कच्चं काहीच द्यायचं नाही का? आई एकादशीही सोडत नाही. (नाशिक)

उत्तर : केमोच्या तीन आठवड्यांच्या चक्रात साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पेशी सर्वांत खाली असतात. सगळं कच्चं बंद केल्याने संसर्ग टळतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. अन्न कसं हाताळलं जातं, याला जास्त महत्त्व आहे. केळं, संत्रं, पपई घरी वाहत्या पाण्याखाली धुऊन, सोलून द्या. काकडीची कोशिंबीर करायची तर सोलून, ताजी, लगेच खाण्यापुरती. डॉक्टरांनी कच्चं पूर्ण बंद सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. बाहेरची कापलेली फळं, उसाचा रस, बर्फ, पाणीपुरी आणि हॉटेलातली ओल्या नारळाची चटणी या दिवसांत नकोच. दूध उकळलेलं, अंड्याचा बलक पूर्ण घट्ट झालेला हवा. शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नका, उन्हाळ्यात तासाभरातच फ्रीजमध्ये ठेवा. भात पुन्हा गरम करायचा तो वाफ निघेपर्यंत, आणि एकदाच.

उपवासाचं म्हणाल तर साबुदाण्यात प्रथिनं नावालाच असतात. आई मानत असतील तर राजगिरा, दूध, पनीर, दाणे यांचा उपवास करू द्या. भगरीचं तयार पीठ मात्र आणू नका. ओल धरलेल्या पिठात बुरशी वाढते आणि तिचं विष शिजवूनही पुरतं जात नाही. सणावारी विषबाधा होतात त्या अनेकदा यातूनच. बंद पाकिटातली भगर आणा, निवडून धुऊन शिजवा. दाण्यांतले सुरकुतलेले, काळपट दाणेही टाकून द्या.

ताप १००.४ फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त गेला तर तापाची गोळी देऊन वाट पाहू नका. रात्र असली तरी रुग्णालय गाठा.

प्रश्न : टॅमॉक्सिफेन सुरू आहे. सोयाबीन आणि जवस चालेल का? मैत्रिणी शतावरी कल्प, हळदीच्या कॅप्सूल आणि गुळवेलीचा काढा सुचवतात. (पुणे)

उत्तर : पहिल्या दोन गोष्टी खुशाल खा. टॅमॉक्सिफेन इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचा गाठीवरचा परिणाम रोखतं, म्हणून सोयाबद्दल शंका येते. पण सोयातले इस्ट्रोजेनसारखे घटक फार सौम्य असतात. शांघायमधल्या पाच हजारांहून अधिक रुग्ण स्त्रियांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सोयाचे पदार्थ जास्त खाणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण कमी आढळलं. रोज १०० ग्रॅम टोफू, किंवा २५ ग्रॅम सुके सोया चंक्स, किंवा पेलाभर सोया दूध, इतकं ठीक आहे. जवसाची चटणीही दोन चमचे खा. सोयातल्या याच घटकांच्या (आयसोफ्लेवोन) गोळ्या मात्र घेऊ नका.

मैत्रिणींनी सुचवलेल्या बाकीच्या तिन्ही गोष्टींना आमचा स्पष्ट नकार आहे. भाजीतली हळद चालते. पण नेदरलँड्समध्ये २०१९ साली टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या रुग्णांना हळदीतला कर्क्युमिन हा घटक दिला, तेव्हा औषधाचं शरीरात बनणारं मुख्य कार्यकारी रूप, म्हणजे एन्डॉक्सिफेन, रक्तात कमी झालं. सोबत मिऱ्यातलं पायपरिन दिल्यावर ते आणखी उतरलं. बाजारातल्या हळदीच्या कॅप्सूलमध्ये बहुतेकदा पायपरिन असतंच. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याचे रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत आणि टॅमॉक्सिफेनची प्रक्रिया मुख्यतः यकृतातच होते. शतावरीत इस्ट्रोजेनसारखी क्रिया असल्याने हार्मोनवर अवलंबून असलेल्या कर्करोगात ती टाळावी. ग्रेपफ्रूट आणि त्याच्याच जातीचं पपनसही टाळा. मोसंबी आणि संत्री चालतात.

प्रश्न : लेट्रोझोल सुरू झाल्यापासून वजन सहा किलो वाढलं, सांधे आखडतात. (नागपूर)

उत्तर : हे औषध इस्ट्रोजेन खाली आणतं, त्यामुळे हाडं विरळ होतात आणि सांधे धरतात. दिवसाला १००० ते १२०० मि.ग्रॅ. कॅल्शियम हवं. दोन पेले (४०० मि.ली.) दुधातून साधारण ४८० मि.ग्रॅ., नाचणीच्या एका भाकरीतून (५० ग्रॅम पीठ) सुमारे १७५ आणि वाटीभर दह्यातून १२० मिळतं. उरलेलं गोळीतून घ्यायचं का, ते डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणी पाहून डॉक्टर ठरवतील. ड जीवनसत्त्व अन्नातून पुरेसं मिळत नाही, रक्त तपासून घ्या. वजनासाठी दिवसभरात एका माणसामागे तेल-तूप मिळून चार-पाच छोटे चमचे, आणि आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालणं. सोबत दोन दिवस हलकी वजनं उचलण्याचा किंवा खुर्चीतून उठबस करण्याचा व्यायाम करा. सांध्यांचा आखडलेपणाही व्यायामानेच सैल होतो.

प्रश्न : कॅपेसिटाबिनची (केमोची) गोळी उपाशीपोटी घ्यायची का? (ठाणे)

उत्तर : नाही. जेवण संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत, पाण्याबरोबर, दोन डोसांत बारा तासांचं अंतर ठेवून. फॉलिक अॅसिडची गोळी किंवा ते असलेलं मल्टिव्हिटॅमिन चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, त्याने या औषधाचा त्रास वाढतो. पालेभाज्या नेहमीसारख्या खा. नेहमीपेक्षा दिवसात चार किंवा जास्त वेळा जुलाब झाले तर पुढची गोळी घेण्याआधी फोन करा. तोवर ओआरएसचं एक मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून घोट घोट घ्या.