33 इंची टायर लावायचे तर फोर्ड रेंजरचा मागचा ॲक्सल बदलावा का?

तुमची गाडी 1999 ची रेंजर फोर बाय फोर, 3.0 लिटर व्ही6, मॅन्युअल गिअरबॉक्स, मागे 7.5 इंची ॲक्सल (हे माप आतल्या क्राउनचं, म्हणजे मोठ्या दातेरी चक्राचं) आणि 4.10 रेशो (प्रोपेलर शाफ्टच्या 4.10 फेऱ्यांत चाकाची एक फेरी). आत्ता 235/75 आर 15 टायर आहेत, 33×12.50 लावायचे आहेत. कोलोरॅडोच्या दगडी वाटांवर महिन्यातून एकदोनदा जाता आणि रोज ऑफिसलाही हीच गाडी नेता, असं तुम्ही लिहिलंय. त्या हिशोबाने उत्तर देतो.

31 इंचांवर थांबणार असाल तर ॲक्सलला हात लावू नका. 33 वर जाणार असाल तर आज ना उद्या गिअर बदलावे लागतील, आणि ते पैसे 7.5 च्या हाउसिंगमध्ये (ॲक्सलच्या कवचात) घालू नका. त्याच वेळी 8.8 इंची ॲक्सल टाका.

आधी टायरमुळे नेमकं काय बदलतं ते बघू. तुमचा आत्ताचा टायर साधारण 28.9 इंच उंच आहे. 33 लावला की तोच 4.10 चा गिअर 3.59 असल्यासारखा वागतो. 3.0 च्या इंजिनात मुळातच खालचा जोर कमी, त्यामुळे चढावर पाचवा गिअर जवळजवळ निकामी होतो आणि दगडांवर क्लच जळू लागतो. मूळची चाल परत हवी असेल तर 4.10 ला 33 ने गुणून 28.9 ने भागा, 4.68 येतात. बाजारात जवळचे रेशो 4.56 आणि 4.88. या इंजिनाला मी 4.88 च म्हणेन.

आता शाफ्टवरचा (ॲक्सलमधून चाक फिरवणाऱ्या दांड्यावरचा) ताण. चाकाला जमिनीवर जेवढी पकड, तेवढाच पीळ शाफ्टवर येऊ शकतो. त्यापुढे चाक घसरतं. समजा मागच्या एका चाकावर 900 पाउंड वजन आहे आणि खडकावर पकड 0.8. म्हणजे 720 पाउंड जोर. आत्ताच्या टायरची त्रिज्या धरली तर शाफ्टवर सुमारे 870 फूट-पाउंड येतात, 33 च्या टायरने 990. चौदा टक्के वाढ. एवढ्यावर धडधाकट शाफ्ट तुटत नाही. शाफ्ट तुटतो तो झटक्याने: चाक हवेत गरगरत असतं, खाली येऊन दगडाला धरतं, आणि फिरत्या जड टायरचा सगळा वेग एका क्षणात शाफ्टच्या दात्यांवर उतरतो. मॅन्युअल गाडीत क्लच फटकन सोडला तरी हेच होतं, कारण मध्ये टॉर्क कन्व्हर्टरची गादी नाही.

म्हणून टायरच्या मापापेक्षा महत्त्वाचा प्रश्न लॉकरचा, म्हणजे डावं-उजवं चाक एकत्र जखडणाऱ्या यंत्रणेचा. साध्या डिफरेन्शियलमध्ये (दोन चाकांत पीळ वाटणाऱ्या गिअरच्या संचात) दोन्ही चाकांना सारखाच पीळ मिळतो, म्हणजे घसरणारं चाक दुसऱ्या बाजूच्या शाफ्टला आपोआप वाचवतं. लॉकर लावला की एक चाक हवेत गेल्यावर सगळा भार एकट्या उरलेल्या शाफ्टवर येतो. 7.5 मध्ये साध्या डिफरेन्शियलवर, जपून चालवणारा माणूस 33 वर बरीच वर्षं काढू शकतो. त्याच ॲक्सलमध्ये लॉकर, 33 आणि लो रेंज (फोर व्हीलचा हळू, जास्त जोराचा गिअर) एकत्र आले की भरवसा धरू नका. पुढेमागे लॉकर लावायचा विचार मनात असेल तर निर्णय आजच झाला असं समजा.

पण आधी तुमचा ॲक्सल खरंच 7.5 आहे का ते पाहा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर ॲक्सल कोड असतो. 87 म्हणजे 7.5 इंची, 4.10, साधा. 97 किंवा आर7 असेल तर गाडीत आधीच 8.8 आहे. पण रेंजरच्या 8.8 मध्ये शाफ्ट 28 दात्यांचेच असतात, फोर्डच्याच एक्स्प्लोररच्या 8.8 मध्ये 31. दात्यांच्या जागी व्यास साधारण 1.2 इंचावरून 1.32 इंचावर जातो. पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळपास एक तृतीयांश जास्त. क्राउन मोठा, पिनियन (क्राउनला फिरवणारं छोटं चक्र) जाड, ते वेगळंच.

काही काळ 7.5 वरच राहायचं ठरवलंत तरी 33 चढवण्याआधी तो उघडून बघाच. मागचं कव्हर काढा, तेल गळू द्या. तळाच्या चुंबकावर करडा लगदा असेल तर ते नेहमीचं. खवले, सुया, बोटाला टोचणारे तुकडे दिसले तर बेअरिंग किंवा दाते गेले. मग डिफरेन्शियलमधून आडव्या जाणाऱ्या क्रॉस पिनचा छोटा लॉक बोल्ट सोडवा, पिन काढा, चाकाकडून शाफ्ट आत ढकला, सी-क्लिप (शाफ्ट धरून ठेवणारी कडी) निसटेल, शाफ्ट बाहेर ओढा. दोन गोष्टी तपासा. शाफ्टचे दाते सरळ आहेत का? पट्टी धरून बघा. किंचितही वेटोळे दिसले तर तो शाफ्ट पिळला गेलाय, परत घालू नका. दुसरं, बेअरिंगचे रोलर थेट शाफ्टवरच चालतात, तिथे नख फिरवा. नख अडकलं तर चर पडली आहे, आणि बाहेर आलेल्या रुंद रिमने ती झपाट्याने खोल होईल. लॉक बोल्ट परत बसवताना नवाच घ्या आणि लॉकटाइट (बोल्ट पक्का धरणारा गोंद) लावा. हा बोल्ट तुटणं हे फोर्डच्या या ॲक्सलांचं जुनं दुखणं आहे, आणि तो तुटला की पिन सरकून हाउसिंग फोडते.

8.8 घ्यायचाच तर 1995 ते 2001 च्या एक्स्प्लोररचा शोधा. डिस्क ब्रेक, 31 दाते, आणि चाकाचे पाच बोल्ट रेंजरच्याच 4.5 इंची वर्तुळावर. 2002 पासूनच्या चार दारी एक्स्प्लोररला मागे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, तो उपयोगाचा नाही. भंगार गाड्यांच्या यार्डात बघताना, कव्हरच्या बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी असते, त्यावर रेशो कोरलेला असतो. आकड्यांच्या मध्ये एल असेल, जसं 3 एल 73, तर लिमिटेड स्लिप (घसरणाऱ्या चाकाकडून काही पीळ दुसऱ्या चाकाकडे वळवणारं डिफरेन्शियल). दारावरचा कोड डी4 म्हणजे 3.73 लिमिटेड स्लिप, डी2 म्हणजे 4.10 लिमिटेड स्लिप. डी4 सहज मिळतो, डी2 ला शोधाशोध करावी लागते. तुमचा पुढचा ॲक्सल 4.10 आहे, त्यामुळे डी2 मिळाला तर तो जसाच्या तसा बसवून लगेच फोर व्हील वापरता येईल. 3.73 चा लावलात तर पुढचे-मागचे गिअर एक होईपर्यंत फोर व्हीलचं बटण दाबायचं नाही. पुढची-मागची चाकं वेगळ्या गतीने ओढू लागली की ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणाऱ्या पेटीची) चेन ताणून मरते.

बसवण्यातली खरी मेहनत पाट्यांच्या (मागच्या पट्टी स्प्रिंगच्या) बैठकीत आहे. एक्स्प्लोररचे पाटे ॲक्सलच्या खाली, रेंजरचे वर. म्हणजे जुन्या बैठकी कापायच्या आणि नव्या वरच्या बाजूला वेल्ड करायच्या. ग्राइंडरने कापताना ट्यूबमध्ये खाच पडू देऊ नका, ताण तिथूनच चिरतो. पाट्यांमधलं अंतर जुन्या ॲक्सलवरून घ्या, पण मोजताना डिफरेन्शियलच्या गोळ्यापासून नाही, दोन्ही टोकांच्या फ्लँजपासून मोजा. बैठकी आधी नुसत्या ठेवा, गाडीचं पूर्ण वजन चाकांवर येऊ द्या, मग डिजिटल कोनमापक लावून पिनियन ट्रान्सफर केसच्या आउटपुटला समांतर आणा, टाके मारा, आणि ॲक्सल उतरवून पूर्ण वेल्ड करा. जॅकवर लटकत्या ॲक्सलचा कोन धरून वेल्ड केलं तर ताशी पन्नास मैलांच्या पुढे गाडी थरथरते आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस पुन्हा पुन्हा जातात. वेल्ड इंच-दीड इंचाचा एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, थंड होऊ देत. एकदम लांब मारलात तर ट्यूब वाकते आणि शाफ्ट सील खातो. ट्यूब 3.25 इंची आहे, त्या मापाचे यू-बोल्ट नवेच आणा.

8.8 ला अजिंक्य समजू नका. त्यातही सी-क्लिपच आहे, म्हणजे शाफ्ट तुटला तर चाक बाहेर यायला निघतं, फक्त डिस्कचा कॅलिपर त्याला काही काळ धरून ठेवतो. शिवाय ट्यूब मधल्या ओतीव गोळ्यात दाबून बसवलेल्या असतात, जोरात वापरल्या तर फिरतात. त्या गोळ्याला वेल्ड करून घेणं चांगलं, पण बीडाला लोखंड जोडायचंय, आधी तापवून आणि निकेल रॉड वापरूनच, हे काम जाणत्या वेल्डरकडे द्या.

हँडब्रेकचा विचार विसरला जातो. एक्स्प्लोररच्या डिस्कच्या आत छोटे शू असतात, त्यांची केबल रेंजरच्या केबलला सरळ जोडली जात नाही. यार्डातून ॲक्सल घेतानाच दोन्ही बाजूंच्या केबल, होस आणि कॅलिपर ब्रॅकेट सकट घ्या.

क्राउन-पिनियनचं सेटिंग घरी पहिल्यांदा करू नका. पिनियनची खोली, बेअरिंगचा दाब आणि बॅकलॅश (दात्यांमधली ढील) एकमेकांवर अवलंबून असतात, आणि चूक कळते ती ओरडण्याच्या आवाजातून, तोवर दाते घासलेले असतात. कॅरियरवरची (क्राउन ज्यावर बसतो त्या भागावरची) एबीएसची टोन रिंग (वेग मोजण्याची दातेरी कडी) काढताना हमखास तुटते, नवी आधीच मागवा. तेल 75डब्ल्यू-140 सिंथेटिक, लिमिटेड स्लिप असेल तर 4 औंस फ्रिक्शन मॉडिफायर. पहिल्या फेऱ्या 15-20 मैलांच्या, हलक्या पायाने, दर वेळी पूर्ण थंड होऊ देऊन. 500 मैलांवर तेल बदला आणि तोपर्यंत ट्रेलर ओढू नका.

पुढे डेना 35 ॲक्सल आहे, त्यातही 4.88 घालावे लागतील. खर्च मांडताना गिअरचे दोन संच आणि दोन वेळची मजुरी धरा, एक नाही. मागचा ॲक्सल मजबूत झाल्यावर पुढचा कमकुवत दुवा म्हणजे पुढच्या चाकांचे सीव्ही जॉइंट (चाक वळलेलं असतानाही त्याला जोर पोचवणारे सांधे). स्टेअरिंग पूर्ण वळवलेलं असताना चढावर ॲक्सिलरेटर दाबणं टाळलंत तर तेही टिकतात.