शेल्टरमधून फॉस्टर म्हणून, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला, आणलेल्या कुत्र्याची आजच नसबंदी झाली आहे. काळजी कशी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की दीड-दोन वर्षांच्या या गावठी कुत्र्याचं ऑपरेशन आज सकाळी झालं आणि संध्याकाळी शेल्टरच्या मंडळींनी तो तुमच्याकडे आणून सोडला. तो बाल्कनीच्या कोपऱ्यात बसून कण्हतोय, भाताला तोंड लावत नाही, आणि आई म्हणतात जखमेवर हळद भरा.

कण्हणं आणि न खाणं पहिल्या रात्री चालतं. हळद मात्र भरू नका. बाकीचं सविस्तर लिहिते. गेल्या सहा वर्षांत अशी नऊ कुत्री पुण्यातल्या आमच्या दोन खोल्यांत राहून गेली. त्यातल्या एकाच्या वेळी माझ्या हातून चूक झाली आणि त्याला तीन आठवडे ती भोगावी लागली. तुमच्या कुत्र्याच्या वाट्याला ते येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आधी आजची रात्र. आपल्याकडे या ऑपरेशनला पुष्कळदा झायलाझिन आणि केटामिनची भूल देतात. ती उतरताना कुत्रा झिंगल्यासारखा चालतो, मान डोलवतो, एकसारखा कुंई-कुंई करतो. त्यातलं सगळं दुखण्यामुळेच असतं असं नाही, बरंचसं गुंगीमुळे असतं. भुलीत अंगाची ऊबही कमी होते, म्हणून त्याला गार फरशीवर राहू देऊ नका, खाली जाड गोधडी किंवा दुमडलेली सतरंजी घाला. आणि बाल्कनीतून आत्ताच आत घ्या. गुंगीतल्या, घाबरलेल्या कुत्र्याला कठड्याचा अंदाज राहत नाही. ओढून काढू नका, वास येईल असा चिकनचा तुकडा पुढे सरकवत आणा.

पाणी थोडं थोडं द्या. नेहमीच्या निम्मा मऊ भात आणि उकडलेल्या चिकनचं पाणी पुढे ठेवा, मीठ-मसाला आणि कांदा-लसूण न घालता. नाही खाल्लं तर अर्ध्या तासाने उचला. एखादी उलटी झाली तरी घाबरू नका, पण वारंवार होत असेल किंवा उद्या संध्याकाळपर्यंत एक घासही गेला नाही तर डॉक्टरांना फोन करा. शी दोन-तीन दिवस झाली नाही तरी चालतं, कारण ऑपरेशनआधी पोट रिकामं ठेवलेलं असतं. लघवी मात्र उद्या सकाळपर्यंत व्हायला हवी. काही कुत्री नव्या जागेत ती धरून ठेवतात. अशा वेळी खाली मातीवर घेऊन जा, बहुतेक तिथे करतात.

खाली नेताना हार्नेस आणि गळपट्टा दोन्ही घाला आणि दोन्हींना दोर लावा. शेल्टरच्या कुत्र्याला तुमचं घर अजून घर वाटत नाही. तो सुटला तर परत यायचं कुठे हेच त्याला माहीत नसतं.

आता माझी चूक. मोत्या नावाचा तांबूस कुत्रा होता. पहिले तीन दिवस तो पडून राहिला आणि मी रात्र-रात्र जागले. चौथ्या दिवशी शेपटी हलवायला लागला, पाचव्या दिवशी अगदी पहिल्यासारखा झाला. मला वाटलं, बरा झाला. दारात मांजर दिसली, तो जिन्यावरून धावला आणि मी हसत बघत राहिले. संध्याकाळी पाहते तर अंडकोशाची पिशवी लिंबापेक्षा मोठी, ताणलेली, काळीनिळी. आत रक्त साचलं होतं. रात्री डॉक्टरांकडे नेलं, गार शेक, औषधं, पुन्हा पिंजऱ्यात विश्रांती. त्याला घेऊन जायला कुटुंब तयार होतं, त्यांना थांबावं लागलं.

असं का होतं ते समजून घ्या. नराला बहुतेक वेळा अंडकोशाच्या पुढे एक छोटी चीर देऊन त्यातून दोन्ही वृषणं काढतात. पिशवी तशीच राहते, म्हणून पुष्कळांना वाटतं ऑपरेशन झालंच नाही. आतल्या बांधलेल्या रक्तवाहिन्या नीट बंद व्हायच्या आधीच उड्या-धावपळ झाली की झिरपणारं रक्त त्या रिकाम्या पिशवीत उतरतं. थोडी मऊ सूज चार-पाच दिवस असतेच. ती वाढत जाते, घट्ट होते, काळवंडते तेव्हा लगेच न्या. धोका पहिल्या रात्रीपुरता नसतो, पुढेही असतो, कुत्र्याला बरं वाटत असतं पण जखम अजून कच्ची असते तेव्हा. डॉक्टर तपासून हो म्हणेपर्यंत, म्हणजे साधारण 10 ते 14 दिवस, पळणं नाही, सोफ्यावर उडी नाही, जिना शक्यतो उचलून. फिरणं फक्त शी-शूपुरतं. त्याची शक्ती नाकाने खर्च होऊ द्या. जुन्या टॉवेलच्या घड्यांत चिकनचे बारीक तुकडे लपवून दिले की गावठी कुत्रं अर्धा तास त्यात रमतं आणि मग शांत झोपतं.

टाक्यांचा रोज सकाळी आणि रात्री एकाच उजेडात फोटो काढा. डोळ्यांना फरक कळत नाही, फोटोत कळतो. कडा कोरड्या आणि जुळलेल्या हव्यात. पहिल्या दिवशी थेंबभर लालसर पाणी आलं तर ठीक, पण रक्त थेंब-थेंब येतच राहिलं, पू आला, वास आला किंवा चीर उघडली तर वाट बघू नका.

हळदीबद्दल आईंना असं सांगा, की तिच्या पिवळ्या रंगाखाली लाली आणि पू दिसत नाहीत, आणि भुकटी ओल्या जखमेत चिकटून बसते. तेल, पावडर, मलम काहीच डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही. आंघोळ नाही. पावसाळ्यात माशांपासून फार जपा, कारण माशी बसली की जखमेत किडे पडायला दोन दिवस पुरतात. मी अंथरुणावर लहान बाळाची मच्छरदाणी ठेवते. रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी झाल्याची खूण म्हणून कानाला खाच करतात. तुमच्याच्या कानालाही ती असेल तर तिथेही बघा, माशा आधी कानावरच बसतात.

जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालतात तो प्लास्टिकचा कोन (शंकूसारखी कॉलर) बघून वाईट वाटतं, मलाही दर वेळी वाटतं. तरी काढू नका. कुत्र्याने चाटलं की जखम बरी होते हे खरं नाही. जिभेने टाके सैल होतात आणि तोंडातले जंतू आत जातात. गावठी कुत्र्याचं तोंड लांब असतं, म्हणून कोनाची कड नाकाच्या पुढे येते ना ते बघा. खायला ताट पाटावर उंच ठेवा. मादी असती तर जुना टी-शर्ट चालला असता. नराला तो पुरत नाही.

दुखतंय म्हणून घरातली क्रोसिन, कॉम्बिफ्लाम, ब्रुफेन देऊ नका. माणसांच्या या गोळ्यांनी कुत्र्याचं यकृत, मूत्रपिंड, पोट बिघडतं आणि जीवही जाऊ शकतो. शेल्टरकडून आजच विचारून घ्या: वेदनाशामक कुठलं दिलं, पुढचा डोस कधी, टाके विरघळणारे की काढायचे, रेबीजची लस झाली का. फॉस्टर असताना कुत्रा शेल्टरच्या जबाबदारीवर असतो, म्हणून कुठल्याही उपचाराआधी त्यांना कळवा, आणि रात्री कोणाला फोन करायचा तो नंबर आत्ताच मागा.

एक गोष्ट फार कमी जण सांगतात. रस्त्यावरून आलेल्या कुत्र्यांत गोचिडांमुळे होणारा टिक फीवर खूप असतो आणि त्यात रक्त गोठायला वेळ लागतो. वरचा ओठ उचलून हिरडी बोटाने दाबा. पांढरी झालेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हिरड्या फिक्या-पांढऱ्या असतील, पोटावर लाल-जांभळे ठिपके असतील, नाकातून रक्त येत असेल, तर सकाळची वाट न बघता आत्ता न्या.

इमारतीत नसबंदी न झालेली मादी असेल तर महिनाभर तरी त्याला दूर ठेवा. ऑपरेशननंतर लगेच तो निर्बीज होत नाही.

बाकी त्याच्याजवळ जमिनीवर तिरपे बसा, डोळ्यांत न बघता. हात पुढे करू नका, आणि उद्या पाहुण्यांना घरी बोलावू नका. आज आधी हिरड्या बघा, मग त्याला आत घेऊन गोधडीवर झोपवा. उद्या सकाळी टाके कसे दिसतात ते इथे लिहा, मी बघते.