कंपन्या एकमेकींत मिसळल्या तरी चालत राहील असा १२ हजारांच्या आतला फोन कसा निवडायचा?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: आई गावी, डोंगराळ भागात राहते. तिचं सिम व्हीआयचं आहे. १२ हजारांच्या आत तिच्यासाठी फोन घ्यायचाय आणि उद्या एखादी कंपनी दुसरीत विलीन झाली किंवा बंद पडली, तर फोन फुकट जाऊ नये. जाता जाता असंही विचारलंय, की हाच फोन पुढे धाकटा भाऊ शिकायला अमेरिकेत घेऊन गेला तर चालेल का.

माझं पाटणला, म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या पाटणला, मोबाइल विक्री-दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाईक काउंटरवर आल्या आल्या विचारतं ते कॅमेरा किती मेगापिक्सेल आणि रॅम किती. तुम्ही विचारलेला प्रश्न मला वर्षाकाठी दोनचार जणच विचारतात. बाकीचे, फोन घेऊन गेल्यावर, गावातनं कुणाच्या तरी फोनवरून फोन करून विचारतात.

आधी आमच्याच घरातलं सांगतो. वडिलांकडे एका कंपनीचा सीडीएमए, म्हणजे नेहमीच्या सिमवाल्या जीएसएमपेक्षा वेगळ्या तंत्राचा, फोन होता. त्याला सिम नव्हतंच, नंबर थेट हँडसेटमध्येच भरलेला. कंपनीनं ते नेटवर्क गुंडाळलं तेव्हा नंबर पोर्ट करून वाचवला, पण हँडसेटचं काय करणार? दुसऱ्या कुठल्याच कंपनीची लहर त्याला पकडता येत नव्हती. तो अजून दुकानाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये आहे. माझी मुलगी लहान होती तेव्हा त्याच्यावरून आजीला फोन लावायची. बाजूच्या खोलीतली आजी खरंच उत्तर द्यायची म्हणून तिचं चालून गेलं.

तुमची भीती आहे ती अशा प्रसंगाची. पण आता सीडीएमए राहिलेलं नाही, त्यामुळे फोन रातोरात मुका होणं अवघड आहे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि त्यापुढच्या तीन वर्षांत किती उलथापालथ झाली ते आठवा. एअरसेलनं जानेवारी २०१८ अखेर महाराष्ट्रासह सहा सर्कलमधली, म्हणजे दूरसंचार विभागांमधली, सेवा थांबवली. टेलिनॉर त्याच वर्षी मे महिन्यात एअरटेलमध्ये गेली. व्होडाफोन आणि आयडिया ३१ ऑगस्ट २०१८ ला एक झाल्या, तीच आजची व्हीआय. टाटा डोकोमोची मोबाइल सेवा २०१९ मध्ये एअरटेलकडे आली. या सगळ्यात नंबर पोर्ट करायला लोकांनी आमच्याकडे रांगा लावल्या, पण जीएसएम फोन कुणाला फेकावा लागला नाही. दणका बसला तो नंतर, सावकाश आणि न सांगता.

झालं असं. दोन कंपन्या एक होतात तेव्हा एकाच डोंगरावर दोघींचे टॉवर असतात. त्यातला एक उतरवतात. दोघींच्या लहरी, म्हणजे स्पेक्ट्रम, एका हातात येतात आणि मग हिशेब सुरू होतो की जुन्या ३जीसाठी अडकवून ठेवलेला तुकडा ४जीला का लावू नये. एअरटेलनं तर २०२० च्या सुरुवातीच्या महिन्यांपर्यंत देशभरातलं ३जी बंदच करत आणलं होतं. सिम तेच, नंबर तोच, रिचार्जही चालू, आणि २०१३-१४ चा चांगला धडधाकट ३जी फोन एका सकाळी नुसता २जी होऊन बसला. लोक फोन घेऊन यायचे, म्हणायचे, "सॉफ्टवेअर मारून द्या." फोनला काही झालेलंच नव्हतं, मारणार काय?

म्हणून माझं सांगणं असं की आईचं सिम कुठल्या कंपनीचं आहे हे बघून फोन घेऊच नका. महाराष्ट्रात चारही कंपन्या ज्या ज्या लहरींवर चालतात, त्या सगळ्या पकडणारा फोन घ्या. मग कुणी कुणाला गिळलं तरी तुम्हाला फरक पडणार नाही. या लहरींना बँड म्हणतात आणि प्रत्येकाला नंबर असतो. एका चिठ्ठीवर ४जीचे हे सात आकडे लिहून घ्या: १, ३, ५, ८, २८, ४०, ४१.

जिओचं ४जी ३, ५ आणि ४० वर चालतं. एअरटेलचं मुख्यतः १, ३, ८ आणि ४० वर. व्हीआय १, ३, ८ आणि ४१. बीएसएनएलचं नवं स्वदेशी ४जी २८ आणि १ वर आहे. १, ३ आणि ४० तुम्हाला जवळपास प्रत्येक फोनमध्ये मिळतील, तिथं डोकं लावू नका. बारकाईनं बघायचे ते ५, ८ आणि २८. हे अनुक्रमे ८५०, ९०० आणि ७०० मेगाहर्ट्झचे, म्हणजे खालच्या लहरींचे बँड. लहर जितकी खालची, म्हणजे मेगाहर्ट्झ जितके कमी, तितकी ती लांब जाते, डोंगराच्या कडेनं वळसा घेते आणि भिंतीतून घरात शिरते. शहरात बाराशे फुटांवर टॉवर असतो, तिथं काहीही चालतं. आमच्या कोयनेच्या खोऱ्यात किंवा तुमच्या आईच्या गावी सगळा खेळ याच तिघांवर.

एक उदाहरण देतो. मोरणेकडच्या एका गावातले एक आप्पा आहेत, त्यांच्या भाच्यानं परदेशातून त्यांना झकास फोन आणून दिला. पाटणच्या स्टँडवर फुल्ल ४जी, व्हिडिओ कॉल अगदी स्वच्छ. गावात गेले की वर नुसता 'ई', म्हणजे २जी. आप्पा म्हणाले, कंपनीचं नेटवर्कच बंडल आहे, पोर्ट करून द्या. पण त्यांच्या सुनेकडे त्याच कंपनीचं सिम आणि आमच्याच दुकानातला साडेआठ हजारांचा फोन, त्यावर ओट्यावर बसून मालिका चालायच्या. मी दोन्ही फोन शेजारी ठेवून बघितलं. सुनेचा फोन ८ नंबरच्या बँडवर चिकटलेला होता, त्या टॉवरवरून ४जी तेवढंच येत होतं. आप्पांच्या फोनला ४जीचा बँड ८ नव्हताच. तो ज्या देशासाठी बनवला होता तिथं त्याची गरज पडत नव्हती. फोन तिप्पट किमतीचा असूनही शेवटी भाच्याला परत गेला आणि आप्पांनी सुनेसारखाच घेतला. अजून मला म्हणतात, "तेवढा तो बँड घालून देता येत नव्हता व्हय?"

हे तपासायचं कुठं? डब्यावर बघू नका. डब्यावर कॅमेरा आणि बॅटरी मोठ्या अक्षरात असते, बँड नसतात. कंपनीच्या भारतीय वेबसाइटवर त्या मॉडेलच्या पानावर जा आणि स्पेसिफिकेशनमध्ये तळाशी 'नेटवर्क' शोधा. तिथं 'एलटीई एफडीडी' आणि 'एलटीई टीडीडी' अशा दोन ओळी असतात (एलटीई म्हणजे ४जीच). ४० आणि ४१ टीडीडीच्या ओळीत सापडतील, बाकीचे एफडीडीत. चिठ्ठीवरचे आकडे तिथं जुळवा. माझ्या बघण्यात स्वस्त फोनांत जो आकडा सर्वांत जास्त वेळा गळतो तो २८. पण बीएसएनएलचा विचार तुम्हाला करावाच लागेल, कारण जिथं कुणीच टॉवर लावत नव्हतं अशा गावांत सरकारी योजनेतून तेच लावतंय. एकच मॉडेल वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळ्या बँडचं निघतं, म्हणून परदेशी वेबसाइटवरची माहिती वाचून खूश होऊ नका.

आता दुसरी गोष्ट, जी माझ्या मते बँडइतकीच महत्त्वाची आहे. व्होल्टे. म्हणजे ४जीवरूनच बोलणं होणं. जिओला २जी-३जी नाहीच, तिथं व्होल्टेशिवाय बोलणंच नाही. बाकीच्या कंपन्यांत व्होल्टे नसेल तर फोन लावताना तुमचा हँडसेट ४जी सोडून खाली २जीवर उतरतो, बोलणं झालं की परत चढतो. आज हे खपून जातं. पण कंपन्या जुनी नेटवर्कं मिटवायला लागल्या की आधी मरतो तो असा फोन. इंटरनेट चालेल, व्हॉट्सॲप चालेल आणि साधा फोन लागणार नाही.

याची परीक्षा काउंटरवर अर्ध्या मिनिटात होते. दुकानदाराला सांगा, फोन उघडून माझं सिम घाला. (बिल झाल्यावरच सील तोडतील, तो त्यांचा हक्क आहे, पण मग घरी जायच्या आत तिथंच हे करा.) सिम घातल्यावर कुणाला तरी फोन लावा आणि स्पीकरवर ठेवून वरच्या पट्टीकडे बघत राहा. ४जी किंवा व्होल्टे तसंच राहिलं तर पास. रिंग वाजता वाजता ४जी जाऊन तिथं 'ई', 'एच' किंवा '२जी' आलं तर सेटिंगमध्ये जाऊन व्होल्टे चालू आहे का बघा आणि परत लावा. दुसऱ्या वेळीही पडलं तर तो फोन त्या कंपनीशी ४जीवर बोलत नाही. ही परीक्षा आईच्या सिमवर झाली की शेजारच्या माणसाकडून दुसऱ्या कंपनीचं सिम मागून घ्या आणि परत करा. बीएसएनएलचं मिळालं तर उत्तमच, कारण तिथंच गाडी अडकायची शक्यता असते. दुकानदार तोंड वाकडं करेल. करू द्या.

फोनमध्ये चिप सगळं करू शकत असते, पण त्या कंपनीसाठीची परवानगी सॉफ्टवेअरमधून यावी लागते. ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जी सुरू झालं तेव्हा लोकांच्या हातात ५जी फोन होते आणि ५जी दिसत नव्हतं. अपडेट आल्यावर दिसलं. म्हणून दोनशे-पाचशे रुपये वाचवण्यासाठी अशा कंपनीचा फोन घेऊ नका जी विकून झाल्यावर अपडेट विसरते. निदान तीन-चार वर्षं सुरक्षा अपडेट देऊ असं तिनं लिहून दिलेलं असावं. बँकेची ॲपं जुन्या अँड्रॉइडवर चालायची बंद होतात, ते आणखी एक दुखणं.

५जी घ्यावा का? १२ हजारांत मिळतो, तर घ्या, पण त्यापायी ४जीच्या सात आकड्यांतला एकही सोडू नका. गावात ४जीच पोटाला लागणार आहे. ५जीत एन७८ आणि एन२८ हे दोन बँड बघा आणि 'एसए' व 'एनएसए' ही दोन्ही अक्षरं आहेत का बघा. जिओचं ५जी स्वतंत्र नेटवर्कवर, म्हणजे एसए पद्धतीचं आहे. एअरटेलनं ते ४जीच्या खांद्यावर बसवलं, म्हणजे एनएसए. २०२४ च्या नोव्हेंबरात साडेआठ हजारांचा रेडमी ए४ ५जी आला तो फक्त एसए होता. किमतीच्या मानानं फोन वाईट नव्हता, पण तेव्हा एअरटेलवाल्यानं घेतला तर त्याला डब्यावरचं '५जी' बघण्यापुरतंच होतं. ही एक ओळ न वाचल्यानं कुठली कंपनी तुमच्यासाठी बंद होते ते यावरून कळेल.

एकाच कंपनीला बांधलेले फोन टाळा. जिओफोन हा त्यातला सर्वांना माहीत असलेला, त्यात दुसऱ्याचं सिम चालत नाही. स्वस्त का आहे ते उघड आहे आणि ज्याला तेच सिम कायम ठेवायचंय त्यानं खुशाल घ्यावा, पण तुमच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हे. जुना फोन घेणार असाल तर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या हँडसेटचा ओळख नंबर, काढा आणि केवायएम, मग एक जागा सोडून तो १५ आकडी नंबर, असा मेसेज इंग्रजी अक्षरांत १४४२२ वर पाठवा. चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर तिथंच कळतं.

राहिला भावाचा प्रश्न. नेऊ नका. तिकडचा अनुभव आपल्यापेक्षा कडक आहे. तिथल्या टी-मोबाइलनं १ एप्रिल २०२० ला स्प्रिंट ही दुसरी मोबाइल कंपनी घेतली आणि दोन वर्षांत, २०२२ च्या मध्यापर्यंत, स्प्रिंटचं सीडीएमए आणि पाठोपाठ ४जी नेटवर्कही मिटवलं. त्याच वर्षी २२ फेब्रुवारीला एटी अँड टी या तिथल्याच कंपनीनं ३जी बंद केलं आणि त्यांच्या यादीत मॉडेल नसेल तर व्होल्टे असलेल्या फोनलाही त्यांच्याकडे बोलता येईना. शिवाय तिथं बँड २, ४, १२, ६६ आणि ७१ लागतात, त्यातले १२ आणि ७१ आपल्याकडच्या स्वस्त फोनांत सहसा नसतात. भावानं इथला फोन पहिले आठ दिवस वायफायवर घरी बोलायला न्यावा आणि तिथं पोचल्यावर ज्या कंपनीचं सिम घेईल तिच्या वेबसाइटवर आयएमईआय टाकून चालेल असा फोन तिथंच घ्यावा.

आईसाठी मॉडेलचं नाव मी मुद्दाम देत नाही. आज दिलेलं नाव दिवाळीपर्यंत बाजारातून गेलेलं असतं आणि त्याच नावाला पुढे 'एस' नाहीतर 'प्रो' जोडून एखादा बँड कमी केलेला दुसराच फोन आलेला असतो. घ्यायच्या आधी एक काम मात्र करा. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा आईच्या घरात, दार लावून, चुलीपाशी उभं राहून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे फोन हातात घेऊन बघा, कुठल्या सिमला तिथं ४जी येतं. अंगणात नाही, आत. सॅमसंग असेल तर *#००११# दाबलं की बँडचा नंबरच दिसतो, इतरांत नेटमॉन्स्टर हे ॲप टाकून बघता येतं. जो आकडा चुलीपाशी दिसेल त्याच्याभोवती चिठ्ठीवर गोल करा आणि मग दुकानात जा.