मोनोलॉग म्हणजे स्वगत नव्हे

प्रश्न असा आहे : ‘अमेरिकन टीव्हीवर जॉनी कार्सनचा रात्रीचा गप्पांचा कार्यक्रम असायचा, त्या जुन्या “टुनाइट शो”वर मराठीत लेख लिहितो आहे. सुरुवातीला तो पडद्याबाहेर येऊन एकटाच जे बोलायचा, त्या मोनोलॉगला मी “स्वगत” म्हटलं. संपादकांनी त्याखाली लाल रेघ ओढली. स्वगत चूक का? आणि शेजारी बसून हसणाऱ्या साइडकिकला काय म्हणावं?’

रेघ बरोबर आहे. घोळ असा होतो, की इंग्रजीत एकट्यानं बोलण्याचे दोन शब्द आहेत आणि आपण दोन्हींना एकाच खुंटीवर टांगतो. सॉलिलोक्वी म्हणजे माणूस स्वतःशीच बोलतो. हॅम्लेट बोलतो ते. मोनोलॉगमध्ये बोलणारा एक असतो एवढंच. ऐकणारे किती, हे तो शब्द सांगत नाही. आपलं ‘स्वगत’ पहिल्याच्या घरातलं. संस्कृत नाट्यशास्त्रात तर त्याची जागा पक्की ठरलेली आहे : सगळ्या पात्रांना ऐकू जातं ते प्रकाश, काहींनाच जातं ते जनान्तिक किंवा अपवारित, आणि कुणालाच जात नाही ते स्वगत. दशरूपक या जुन्या नाट्यग्रंथात त्याला सरळ ‘अश्राव्य’च म्हटलंय. प्रेक्षक ऐकतात, पण ऐकलं नाही असं धरून चालायचं.

आता कार्सन आठवा. मी १९८६ मध्ये ओहायोत शिकायला गेलो, तेव्हा रात्री साडेअकराला खोलीतल्या जोडीदाराचा टीव्ही लागायचाच. आधी स्थानिक बातम्या, मग लगेच हा. पहिले सहा महिने मला त्यातलं निम्मं कळलं नाही. इंग्रजी कळायचं, बातमी कळायची नाही. कारण त्या बोलण्याचा कच्चा माल म्हणजे त्याच दिवसाचं वर्तमानपत्र : रेगनसाहेब काय म्हणाले, कॅलिफोर्नियात ऊन किती पडलं. ऐकणाऱ्यानं ते आधी वाचलेलं हवं. शिवाय श्रोते गप्प बसायचे नाहीत. ‘आज इतकं गरम होतं...’ असं म्हणून तो थांबला, की अख्खं सभागृह ओरडायचं, ‘किती गरम?’ आणि मग तो विनोद पुरा करायचा. याला अश्राव्य कोण म्हणेल?

गंमत म्हणजे संस्कृतात याच्या जवळचं काहीतरी आहे. भाण नावाचा एकपात्री प्रकार. त्यात विट, म्हणजे एक रंगेल बोलघेवडा, एकटाच रस्त्यानं चालतो, न दिसणाऱ्या माणसांशी बोलतो, ‘किं ब्रवीषि?’, काय म्हणतोस, असं विचारतो आणि त्यांचं उत्तरही आपणच बोलून दाखवतो. हे आकाशभाषित. कार्सनचं आकाश मात्र खरोखर ओरडून उत्तर द्यायचं. पण लेखात ‘भाण’ लिहिलंत तर वाचक ‘भान’ वाचतील आणि मुद्रितशोधक तुम्हाला माफ करणार नाहीत.

‘एकपात्री’ही नको. त्यानं आपल्या डोळ्यांसमोर पूर्ण संध्याकाळ येते. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये लक्ष्मण देशपांडे एकटे पन्नासवर पात्रं उभी करायचे, तसं काही. कार्सन दहा मिनिटांत टेबलामागे जाऊन बसायचा. ‘प्रास्ताविक’ लिहाल तर समोर हार-तुरे आणि समई दिसेल.

माझं मत तमाशाच्या बाजूनं. गण, गवळण, बतावणी, वग असा जो क्रम आहे, त्यातली बतावणी. वगाची गोष्ट सुरू होण्याआधी सोंगाड्या प्रेक्षकांना गावातल्या, दरबारातल्या ताज्या गोष्टींवरून हसवून घेतो. काम अगदी तेच. फरक एक, की बतावणी दोघा-तिघांच्या सवाल-जबाबात होते. आणि दुसरी अडचण, रोजच्या बोलण्यात ‘बतावणी करणं’ म्हणजे ढोंग करणं. म्हणून नुसतं बतावणी न लिहिता ‘सलामीची बतावणी’ लिहा, किंवा एकदा असं समजावून पुढे खुशाल ‘मोनोलॉग’च ठेवा. मोनोलॉग आता मराठीत पुरेसा रुळलाय.

यातही खरा मजेचा भाग पडलेल्या विनोदाचा. जोक पडला की कार्सन माइकचा दांडा ओढून त्यालाच विचारपूस करायचा, किंवा वाद्यवृंद एक जुनी नाचाची धून वाजवायचा आणि हा जागच्या जागी दोन पावलं नाचून घ्यायचा. पडलेल्या विनोदानं उभ्या विनोदापेक्षा जास्त हशा वसूल केलाय, असं मी कितीदा पाहिलं. आपल्या नाटकवाल्यांत याला ‘सांभाळून घेणं’ म्हणतात. पदरची वाक्यं घालणं किंवा ‘ॲडिशन घेणं’ हे वेगळं.

साइडकिकचं उत्तर सोपं आहे : झीलकरी. एड मॅकमहन १९६२ ते १९९२, पूर्ण तीस वर्षं, कार्सनच्या बाजूला होता. शाहिराच्या मागचे साथीदार जसे शेवटचा शब्द उचलून ‘जी जी रं जी’ करतात, तसं त्याचं हसणं. झील धरणं या वाक्प्रचाराला हांजी-हांजीचा वास आहे खरा, पण टीकाकारांनी मॅकमहनवर आक्षेप घेतला तोही तोच, म्हणजे शब्द उलट चपखल बसतो. आणि सुरुवातीला तो ‘हिअर्स जॉनी’ असं लांबण लावून पुकारायचा, ती घोषणा नाही, ती ललकारी. भालदार-चोपदारांची.

पाहुण्यांच्या गप्पांना तुम्ही ‘उत्स्फूर्त’ म्हटलंत का, तेही तपासा. कार्यक्रमाची माणसं पाहुण्याशी आधी बोलून किस्से ठरवून ठेवत. कोणता प्रश्न टाकला की कोणता किस्सा निघतो, हे कार्सनच्या समोरच्या कागदावर असे. ‘हजरजबाबी’ म्हणा, ते खोटं ठरणार नाही. ऐनवेळी सुचेल ते बोलणारा विनोदवीर रॉबिन विल्यम्स आला की मात्र त्या कागदाचा उपयोग उरत नसे.

आणि स्वगत हा शब्द तुम्हाला टाकवत नसेल, तर त्याची खरी जागा या कार्यक्रमात आहेच. मोनोलॉगमध्ये नाही, ऐकण्यात. डॉन रिकल्ससारखा तोंडाळ नट समोर बसून अपमानावर अपमान करत असताना कार्सन काही न बोलता हळूच कॅमेऱ्याकडे बघायचा. तो चेहरा प्रेक्षकांना दिसायचा, रिकल्सनं तो पाहिलाच नाही असं धरून चालायचं. जॅक बेनी या जुन्या विनोदवीराकडून उचललेली ही गप्प राहण्याची विद्या. २१ मे १९९२ला, निरोपाच्या आदल्या रात्री, रॉबिन विल्यम्स येऊन धुमाकूळ घालून गेला आणि मग गायिका बेट मिडलर कार्सनसाठी एक जुनं गाणं म्हणायला बसली. लांबून घेतलेल्या त्या दृश्यात एका बाजूला ती गाते आहे आणि दुसऱ्या बाजूला हा डोळे भरून तिच्याकडे बघतो आहे. तोंडातून शब्द नाही. तिथे लिहा ‘स्वगत’. संपादकांची रेघ पडली तर मला कळवा, मी त्यांच्याशी बोलतो.