पोस्टअप की थ्री? आधी एवढंच बघ

एनसीएए (अमेरिकेतलं कॉलेज बास्केटबॉल) नुकतंच बघायला लागलायस ना, मग पोस्टअप (बास्केटजवळ, बास्केटकडे पाठ करून खेळणं) भारी की थ्री (लांबून मारलेला तीन गुणांचा शॉट), हा वाद सध्या सोड. चेंडू बास्केटजवळच्या उंच खेळाडूकडे गेला की नजर बचाव करणाऱ्यांवर ठेव. दुसरा माणूस मदतीला धावला, तर बाहेर कुणीतरी मोकळा असतो.

नवखे फसतात ते इथे:
- नुसते गुण मोजतात. 2024 च्या फायनलमध्ये पर्ड्यू युनिव्हर्सिटीच्या 7 फूट 4 इंची झॅक ईडीने 37 गुण केले, तरी युकॉन (कनेक्टिकट युनिव्हर्सिटी) 75-60 ने जिंकलं! युकॉनचा ईडीवर बहुतेक वेळ एकच माणूस, बाकीचे शूटरना चिकटून. पर्ड्यूचे थ्री पडले 7 पैकी 1.
- एका रात्री थ्री चुकले की टीमला नावं ठेवतात.

झोन (माणसाऐवजी जागा राखणारा बचाव) वगैरे नंतर. आधी तीच फायनल लाव, कॉमेंट्री बंद करून.