सोडवून आणलेला गेको खात नाही? आधी ऊब, मग खाणं

तुमचा लेपर्ड गेको, म्हणजे पाळली जाणारी ठिपकेदार पाल, आधीच्या घरी दुर्लक्षित होता. शेपटी काडीसारखी, बोटांवर जुनी कात अडकलेली आणि पाच दिवसांत एकही किडा खाल्लेला नाही. जबरदस्तीने भरवू का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून भरवू नका. गेको अंगची ऊब स्वतः तयार करत नाही. गार अंगाने गिळलेला किडा पचत नाही, पोटात तसाच सडतो. शिवाय कॅल्शियम कमी पडलेल्या प्राण्याचा जबडा मऊ झालेला असतो, ओढाताणीत तो मोडू शकतो.

म्हणून आधी टाकीच्या एका बाजूची जमीन ३१ ते ३३ अंश सेल्सिअसवर आणा, दुसरी २४ ते २६ वर ठेवा. हीट मॅट (टाकीखाली ठेवायची विजेवर तापणारी चटई) थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेल्या तापमानाला ती बंद करणाऱ्या उपकरणाशिवाय, लावू नका, पोट भाजतं. काचेला चिकटवायचा गोल थर्मामीटर हवेचं तापमान सांगतो. गेको पोट जमिनीला टेकवून बसतो, तेव्हा मोजायची ती जमीन. तळाला वाळू असेल तर आजच काढा आणि साधा टिश्यू पेपर अंथरा. वाळू पोटात गेली तर आतडं तुंबतं, आणि कागदावर विष्ठाही नीट दिसते. लपायला जागा दोन्ही टोकांना हवी. तिसरी म्हणजे भोक पाडलेला प्लास्टिकचा डबा, आत ओला टिश्यू. कात सुटायला तोच उपयोगी पडतो.

बोटांकडे मात्र लगेच बघा. माझ्याकडे आलेल्या पहिल्या गेकोच्या बोटांवर पांढुरक्या दोऱ्यासारखी कडी होती. ती कात आहे हे मला उशिरा कळलं. वाळली की ती आवळते, रक्त थांबतं, बोट काळं पडून गळतं. त्याची दोन बोटं गेली, त्याचं मला आजही वाईट वाटतं. कोमट पाणी, २८ ते ३० अंश, पोटाला जेमतेम लागेल इतकंच, पंधरा मिनिटं. मग ओल्या इअरबडने बोटाच्या मुळाकडून नखाकडे हलकेच फिरवा. नाही निघालं तर उद्या पुन्हा. चिमट्याने ओढू नका.

दोन दिवस ऊब मिळाली की तिन्हीसांजेला एकच छोटा किडा द्या, गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको, वर कॅल्शियमची पूड. किड्यांना आदल्या दिवशी भाजी खाऊ घाला, पोषण त्यातूनच पोचतं. खाल्लं म्हणून लगेच पोटभर देऊ नका, उपाशी पोटाला झेपत नाही. उरलेले क्रिकेट (रातकिडे) रात्रभर टाकीत ठेवू नका, ते गेकोलाच चावतात.

दोन आठवडे हाताळणं बंद. घाबरून त्याने शेपटी टाकली तर उरलासुरला चरबीचा साठाही गेला. वजन आठवड्यातून एकदा, ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर, वहीत लिहून. टाकीत हात घातला की साबणाने धुवा, साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. घरात दुसरा गेको असेल तर टाकी, भांडी, चिमटा सगळं वेगळं.

एरवी धडधाकट गेको शेपटीतल्या चरबीवर कित्येक आठवडे काढतो. तुमच्याचा साठा संपलाय, त्यामुळे याच आठवड्यात सरपटणारे प्राणी बघणाऱ्या पशुवैद्यांकडे जा, ताजी विष्ठा डबीत घेऊन. क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीनेही शेपटी अशीच आटते आणि ते नुसतं बघून ओळखता येत नाही. पाय वाकडे दिसत असतील, डोळे उघडत नसतील किंवा बोट काळं पडलं असेल, तर आठवडाही थांबू नका, उद्याच जा.