तान्ह्या बाळाच्या एका डोळ्यातील मोतीबिंदूसाठी डॉक्टर इतकी घाई का करतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मोठ्या माणसाचा मोतीबिंदू कित्येक वर्षांनी काढला तरी त्याला पुन्हा स्पष्ट दिसू लागते, मग बाळाच्या एका डोळ्यातील जन्मजात मोतीबिंदूसाठी आठवड्यांचा हिशेब का केला जातो, आणि डोळ्याचा वापर झाला नाही म्हणून मेंदूतील जोडण्या सुकतात, एवढेच त्यामागचे कारण आहे का?

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो आणि 'वापर नाही म्हणून सुकले' हे स्पष्टीकरण मला विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत नेहमी भेटते. ते पूर्णपणे चूक नाही. पण या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट नेमकी त्यातून निसटते, म्हणून उत्तराचा बराचसा भाग मी त्यावरच खर्च करणार आहे.

डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल या चेताशास्त्रज्ञांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मांजराच्या पिल्लांच्या एका डोळ्याच्या पापण्या डोळे उघडण्याच्या वयातच शिवून टाकल्या आणि दोन-तीन महिन्यांनी तो डोळा उघडून, मेंदूच्या मागच्या भागातील व्हिज्युअल कॉर्टेक्समधील (डोळ्यांकडून आलेल्या संकेतांचा अर्थ लावणाऱ्या बाह्य थरातील) एकेका चेतापेशीचे विद्युत संकेत टिपले. सामान्य मांजरात या भागातील सुमारे ८० टक्के पेशी दोन्ही डोळ्यांना प्रतिसाद देतात. या पिल्लांत मात्र तपासलेल्या ८४ पेशींपैकी फक्त एकच पेशी, बंद राहिलेल्या डोळ्यासमोर काही दाखवल्यावर प्रतिसाद देत होती. डोळा स्वतः ठणठणीत होता: प्रकाश पडताच बाहुली आकुंचन पावत होती, दृष्टिपटल कार्यरत होते आणि डोळा आणि कॉर्टेक्स यांच्या वाटेवरचा मधला टप्पा असलेल्या, मेंदूच्या आतील थॅलॅमस या भागापर्यंत संकेतही पोहोचत होते. तरीही चांगला डोळा झाकला की ते पिल्लू आंधळ्यासारखे वागत असे. प्रौढ मांजराचा डोळा मात्र कितीही महिने बंद ठेवला तरी असा परिणाम दिसला नाही. उलट पिल्लाच्या चौथ्या-पाचव्या आठवड्यात अवघे तीन-चार दिवस डोळा बंद राहिला तरी हा परिणाम स्पष्ट दिसे. तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर यातच आहे. मोठ्या माणसाच्या मेंदूतील जोडण्या पक्क्या झालेल्या असतात, त्यामुळे मोतीबिंदू निघाला की चित्र आपल्या जुन्या वाटेने पोहोचते. बाळाच्या मेंदूत ती वाट अजून पक्की व्हायची असते.

आता दुसरा भाग. केवळ वापराचा अभाव हेच कारण असते, तर दोन्ही डोळे बंद ठेवल्यावर दुप्पट नुकसान व्हायला हवे होते. ह्यूबेल आणि वीझेल यांची अपेक्षाही तशीच होती. १९६५ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष वेगळेच निघाले: दोन्ही डोळे बंद ठेवलेल्या पिल्लांत निम्म्याहून अधिक पेशी प्रतिसाद देत होत्या. त्यांतील काहींचे प्रतिसाद विस्कळीत होते हे खरे. पण एका डोळ्याने सगळे गमावले, तसे येथे झाले नव्हते. म्हणजे बंद डोळ्याच्या जोडण्या केवळ अंधारामुळे जात नाहीत. शेजारी दुसरा डोळा जोमाने काम करत असेल, तर त्या जातात.

हे डोळ्यांनी पाहता येईल असा पुरावा माकडांवरील प्रयोगांतून मिळाला. एका डोळ्यात किरणोत्सारी अमिनो आम्ल टोचले की ते चेतातंतूंमधून वाहत थॅलॅमसमार्गे कॉर्टेक्सच्या चौथ्या थरापर्यंत जाते. त्या थराचा पातळ काप विशिष्ट प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर काळ्या पार्श्वभूमीवर उजळ पट्टे दिसतात. उजळ पट्टा त्या डोळ्याचा, मधली काळी पट्टी दुसऱ्या डोळ्याची. प्रत्येकाची रुंदी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आणि दोघांची वाटणी जवळजवळ सारखी. लहानपणी एक डोळा बंद ठेवलेल्या माकडात मात्र उघड्या डोळ्याचे पट्टे फुगलेले आणि बंद डोळ्याचे पट्टे आक्रसून बारीक झालेले दिसतात, आणि तरीही दोन्ही पट्ट्यांची मिळून रुंदी बदललेली नसते. शेजाऱ्याने वर्षानुवर्षे बांध कोरत यावे, तसा हा प्रकार आहे. फरक इतकाच की, १९९३ साली अँटोनिनी आणि स्ट्रायकर यांनी मांजरांत दाखवून दिल्याप्रमाणे, येथे आठवडाभरात बंद डोळ्याकडून येणाऱ्या तंतूंच्या फांद्या आखडू लागतात.

तिरळेपणाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. पिल्लाच्या डोळ्याचा एक स्नायू कापून डोळा तिरका केला, तर दोन्ही डोळे उघडे राहतात, दोघांनाही स्पष्ट दिसते आणि दोघांचा वापरही होतो. फक्त दोघे एकाच वेळी एकाच जागी पाहत नाहीत. अशा पिल्लांत दोन्ही डोळ्यांना प्रतिसाद देणाऱ्या पेशींचे प्रमाण ८० टक्क्यांवरून सुमारे २० टक्क्यांपर्यंत उतरते. वापर कमी झालेला नसताना जोडण्या बदलल्या, याचा अर्थ मेंदू वापराची बेरीज करत नाही. कोणते संकेत एकाच वेळी येतात, हे तो पाहतो.

पेशीच्या पातळीवर हे कसे घडते, याची रूपरेषा मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ सालीच मांडली होती: एक पेशी दुसरीला उद्दीपित करण्यात वारंवार सहभागी होत असेल, तर त्या दोघींमधील जोडणी बळकट होते. त्यासाठी लागणारे यंत्र नंतर एनएमडीए या ग्राहीच्या, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर रासायनिक संदेश टिपणाऱ्या प्रथिनाच्या, रूपात सापडले. या ग्राहीच्या छिद्रात मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा बसलेला असतो. पलीकडच्या पेशीकडून ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन आले आणि त्याच क्षणी पेशी स्वतःही उद्दीपित असली, तरच तो आयन हटतो आणि कॅल्शियम आत शिरते. पुरेसे कॅल्शियम आत आले की जोडणी बळकट होते. थोडेसेच आले, तर ती दुबळी होते.

दुबळी होण्याची ही दुसरी शक्यता तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने कळीची आहे. पापणी शिवलेला डोळा गप्प नसतो. त्याचे दृष्टिपटल अंधूक प्रकाशातही विस्कळीत, अर्थहीन संकेत पाठवत राहते आणि ते कॉर्टेक्समधील पेशीच्या उद्दीपनाशी जुळत नाहीत. १९९९ साली मार्क बेअर यांच्या गटाने एक डोळा नुसता शिवणे आणि औषधाने त्याचे दृष्टिपटल पूर्ण मूक करणे, या दोहोंची तुलना केली. शिवलेल्या डोळ्याच्या जोडण्या अधिक दुबळ्या झाल्या. म्हणजे मौनापेक्षा असंबद्ध बडबड अधिक घातक ठरली. मोतीबिंदू नेमके हेच करतो: प्रकाश आत सोडतो, चित्र मात्र सोडत नाही.

यावरून मेंदू जन्मतः कोरी पाटी असतो असे मात्र समजू नये. डोळे उघडण्याआधीच दृष्टिपटलावर उत्स्फूर्त संकेतांच्या लाटा उमटत असतात आणि शेजारच्या पेशी एकदम उद्दीपित होत असल्याने प्राथमिक नकाशा त्यांतून घडतो. माकडांत वर सांगितलेले पट्टे जन्मतःच असतात. अनुभवाचे काम नकाशा काढण्याचे कमी आणि तो राखण्याचे, दुरुस्त करण्याचे अधिक आहे, असे माझे मत आहे.

अनुभवाने जोडण्या इतक्या सहज बदलण्याचा हा लहानपणीचा काळ संपतो, तोही केवळ वयामुळे नव्हे. संकेत दाबणाऱ्या, गाबा हे रसायन वापरणाऱ्या पेशी पक्व झाल्या की तो सुरू होतो. पूर्ण अंधारात वाढवलेल्या प्राण्यांत तो लांबतो. आणि पुढे या पेशींभोवती प्रथिने व शर्करा यांचे जाळे विणले गेले की बदलाला वाव कमी होतो. २००२ साली प्रौढ उंदरांतील हे जाळे विकराने विरघळवल्यावर, डोळा बंद करण्याचा परिणाम पुन्हा दिसू लागला.

आता पुन्हा बाळाकडे. एका डोळ्याचा दाट मोतीबिंदू सर्वसाधारणपणे पहिल्या सहा आठवड्यांत काढावा असे मानले जाते. दोन्ही डोळ्यांचा असेल, तर थोडी अधिक मुदत मिळते, कारण तेथे वरचढ प्रतिस्पर्धी नसतो. मुदत टळली म्हणजे सगळे संपले, असेही नाही. चेताशास्त्रज्ञ पवन सिन्हा यांच्या, भारतातील अंध मुलांवर उपचार करणाऱ्या प्रोजेक्ट प्रकाश या उपक्रमात दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू बऱ्याच मोठ्या वयात निघालेली मुलेही वस्तू ओळखायला शिकली, मात्र त्यांच्या नजरेची तीक्ष्णता अपुरीच राहिली. एका डोळ्याच्या बाबतीत शस्त्रक्रिया ही निम्मीच लढाई असते. त्यानंतर योग्य क्रमांकाचे भिंग लावून चांगल्या डोळ्यावर दिवसाचे काही तास पट्टी बांधावी लागते, म्हणजे स्पर्धेचे पारडे उलट झुकते. किती तास, हे डॉक्टरच ठरवतात आणि त्यात आपल्या मनाने वाढ करू नये. कारण पट्टी फार काळ राहिली, तर त्याच नियमाने चांगला डोळाही मागे पडू शकतो, आणि म्हणूनच प्रत्येक भेटीत दोन्ही डोळ्यांची दृष्टी तपासली जाते.